तळ्याच्या बांधाची कहाणी

ऐका तळ्याबाई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता खाली ठेवा. या कहाणीला हातात तांदूळ नसतात, ओल्या मातीचा गोळा असतो. गोळा मुठीत धरा, तोंड मिटा, कान उघडा. अगं ए कोपऱ्यातली, सासूची उणीदुणी मागून काढ!

आटपाट नगर होतं. नगराच्या डोक्यावर तळं होतं. तळ्याला मातीचा बांध होता, बांधाच्या पायथ्याशी खालची आळी होती. तळं भरलं की नगर पिकायचं, आणि बांध फुटला तर खालची आळी आधी जायची. पण तिकडं बघतंय कोण?

त्या नगरात एक पाटील होता. पाटलाला तीन सुना होत्या. थोरलीकडं चूल होती, मधलीकडं गोठा होता, धाकटीकडं काही नव्हतं. तिचं नाव मथुरा. तिला माहेर नव्हतं, नवरा मुलूखगिरीवर गेलेला. खायला दूधभात, नेसायला शालू, बसायला पाट, आणि करायला काय, तर काही नाही. चुलीशी गेली, थोरली म्हणाली, "राहू दे गं." गोठ्यात गेली, मधली म्हणाली, "तुला नाही जमायचं." मग सासूकडं गेली. सासू म्हणाली, "तुला कशाला हवं काम? घरची शोभा तू." मथुरेला वाटलं, शोभा तर तोरणाचीही असते, सुकलं की काढून टाकतात. आपण असलो काय, नसलो काय. मग एके सकाळी ती बांधावर गेली आणि ढसाढसा रडली.

तिथं एक म्हातारी होती. वाकून बिळं शोधत होती, मातीचा गोळा बिळात कोंबत होती, टाचेनं दाबत होती. मथुरेनं डोळे पुसले, विचारलं, "बाई बाई, कसला वसा वसता? तो मला सांगा."

"तुला काय करायचाय? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "रोज सकाळी तोंडात घास घालण्याआधी बांधावर यावं. खेकड्याचं बीळ दिसेल, घुशीचं बीळ दिसेल, ते मातीनं बुजवावं. मग उतरून पायथा बघावा. नितळ पाणी झिरपलं तर बांधाला घाम आला म्हणावं. गढूळ आलं तर आतून माती चालली, ओरडत सुटावं. आणि एक विसरू नको. बांधाला भात चारू नये, माती चारावी. या वशाला उद्यापन नाही."

मथुरेनं वसा घेतला. पहिल्या दिवशी हाताला फोड आले. मग घट्टे पडले. मग हात आपले आपणच बीळ शोधू लागले. खालच्या आळीतली पोरं तिला बांधवाली काकी म्हणू लागली. तिथली कोंडाबाई, तोंडानं फटकळ, तीही दारातून हाक मारायची, "काकी, आहे ना आज सगळं ठीक?" मथुरा म्हणायची, "आहे गं, झोप सुखानं." आणि तिचं तिलाच बरं वाटायचं. कुणीतरी आपल्या जिवावर निर्धास्त आहे!

हे सासूला कळलं. सासूनं कपाळावर हात मारला. "पाटलाची सून आणि नखांत चिखल? करायचंच तर थाटात कर." मग मथुरेला पालखी आली, चांदीचं ताट आलं, ताटात भाताची मूद आली, भिजवलेले हरभरे आले. मथुरा बांधाला हळदकुंकू वाही, मूद ठेवी, हात न भिजवता परते. तिचं बघून साऱ्या बायका मुदी घेऊन आल्या. ठेवलेला भात सकाळी नाहीसा होई. बायका म्हणत, "तळ्याबाई जेवली गं!" तळ्याबाई कसली जेवते, घुशी जेवल्या! भात खाऊन माजल्या, बांध पोखरत सुटल्या. मथुरेला म्हातारीचा शब्द आठवे. पण वाटे, एवढ्या बायका करतात, मग काय चुकतंय? मथुरा उतली. मथुरा मातली. घेतला वसा ताटाखाली झाकून टाकला.

मग भादवा आला. पाऊस कोसळला, तळं काठोकाठ भरलं. मथुरा पूजेला आली, मूद ठेवली, आणि सवयीनं नजर पायथ्याकडं गेली. पायथ्यातून पाणी येत होतं. गढूळ. तांबडं. बोटाएवढं होतं ते बघता बघता मनगटाएवढं झालं.

ती पूजेच्या बायकांकडं धावली. "बांध आतून चाललाय!" बायका म्हणाल्या, "आताच तर पूजा झाली, अभद्र बोलू नकोस." ती सासऱ्याकडं धावली. सासरा म्हणाला, "सूनबाई, बांध माझ्या आज्यानं घातलाय, घरात व्हा." तिनं पेटीतला लग्नाचा शालू काढला, दारातला पेंढा कवेत घेतला, तो सासू आडवी आली. "साऱ्या नगरात शोभा केलीस. हा उंबरा ओलांडलास तर परत आत पाय ठेवायचा नाही."

मथुरा थबकली. माहेर नाही, नवरा जवळ नाही, हे दार गेलं तर जायचं कुठं? मग कानात कोंडाबाईची हाक आली, "आहे ना सगळं ठीक?" मथुरेनं उंबरा ओलांडला.

ओरडत ओरडत खालच्या आळीतून गेली. "पोरं वर न्या! हाताला येईल ते घेऊन बांधावर या!" स्वतः तळ्यात उतरली. कमरेएवढं पाणी, छातीएवढं पाणी. एका जागी पाणी गरगर फिरत होतं, तेच बिळाचं तोंड. शालूत पेंढा बांधला, भोवऱ्यावर दाबला. पाण्यानं तो सर्रकन ओढून नेला, तिलाही ओढलं. तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला. कोंडाबाई होती.

"अगं, भात मीच चारला," मथुरा रडू लागली. "तुमच्या जिवावर मीच उठले."

"हो, तूच! आणि माझी पोरं खाली झोपायची तुझ्या भरवशावर!" कोंडाबाई कडाडली. "रड मागून. आधी माती धर."

मग गोधड्या आल्या, मग पेंढ्या आल्या, मग मातीची घमेली आली. कोंबलं, दाबलं, तुडवलं. पायथ्याशी पाणी बघायला कोंडाबाईची पोरगी उभी होती, ती खालून ओरडली, "गढूळच आहे!" पुन्हा कोंबलं. "गढूळच आहे!" हात सोलले, कुणी थांबेना. तिसऱ्यांदा कोंबलं. खालून आवाज येईना. मग पोरगी हसत ओरडली, "नितळ! काकी, नितळ!"

मथुरेनं वर बघितलं. बांधावर सासू उभी, पाय गुडघ्याएवढे चिखलात, डोक्यावर घरची कणकेची परात, परातीत अंगणातली माती. तिनं माडीवरून तांबडं पाणी बघितलं होतं. सासू म्हणाली, "दार उघडंच आहे. पण आधी सांग, ही कुठं टाकू?"

मथुरेनं जागा दाखवली. म्हातारीला शोधलं, तर ती कुठंच नव्हती. तिच्या जागी ओल्या मातीवर एक मूठ उमटलेली होती. मथुरेनं आपली मूठ त्यात ठेवली, ती नेमकी बसली.

तेव्हापासून त्या नगरात नैवेद्य घरी दाखवतात आणि बांधावर घराघरातून बाई जाते, उपाशीपोटी, मातीच्या हातानं. जसं मथुरेला काम गवसलं, गाव गवसलं, तसं तुम्हां आम्हां गवसो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सरली. सुफळ मात्र अजून व्हायचीय. मुठीतला गोळा सुकला नाही ना? मग उठा बायांनो, चला बांधावर.