चुनेवाला आणि खाडीचा तळ

पूर्वी अपरान्ताच्या, म्हणजे कोकणाच्या, किनाऱ्यावर वेलापूर नावाचे बंदर होते. तिथे भद्रसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका चुनेवाल्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सेतक. नगराच्या दक्षिणेला खाडी होती, खाडीकाठी या घराण्याच्या तीन भट्ट्या होत्या आणि खाडीच्या तळाशी शिंपल्यांचे थरच्या थर साचलेले होते. सेतकाचा आजा ते शिंपले उपसून भाजत आला, बापानेही तेच केले आणि सेतकही तेच करीत होता. वेलापुरातली घरे समुद्रावरून पांढरीशुभ्र दिसत, ती याच चुन्याने. परदेशी नावाडी त्या पांढरेपणाची वाखाणणी करीत आणि सेतकाला ती ऐकायला फार आवडे. यात काही गैर असेल असे कोणाच्या मनातही येत नव्हते, त्याच्याही नाही.

खाडी मात्र वर्षागणिक बिघडत चालली होती. वरच्या अंगाला रंगारी आणि कातडी कमावणारे राहत. त्यांचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या खाडीतच येई, पण पूर्वी खाडी ते सोसत असे. आता पाणी काळपट झाले होते, आणि ओहोटीला असा वास सुटे की येणारे-जाणारे नाकाला उपरणे लावून जात. मासळी नाहीशी झाली. काठावर साठ घरांचा कोळीवाडा होता, त्याच्या विहिरी बिघडल्या. दर पावसाळ्यानंतर तिथली लहान मुले पोट धरून आजारी पडू लागली. काही बरी झाली, काही झाली नाहीत. शेवटी बायकांनी विहिरी सोडल्या आणि त्या टेकडीवरच्या झऱ्याचे पाणी दोन कोसांवरून आणू लागल्या.

राजाच्या कानावर हे गेले तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटले. त्याने दवंडी पिटवली, की बंदराच्या जकातीचा सोळावा भाग यापुढे खाडीसाठी. ज्याला उपाय सुचत असेल त्याने सांगावा, मग तो कितीही नवा असो, खर्च राज्य करील. अमात्य अर्थदर्शी हा सावध माणूस होता, आणि लोकांच्या धनाची राखण करणाऱ्याने तसे असावेच. त्याने दोन अटी जोडल्या. ज्याने राज्याकडून धन घेतले त्याने पुढच्या माघी पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, खाडी उघडी पडेल तेव्हा, राजाला आणि लोकांना काम दाखवायचे. आणि कोणाच्याच कामाने पाणी सुधारले नाही, तर खाडी बुजवून तिथे वखारी बांधायच्या आणि कोळीवाडा टेकडीवर न्यायचा. कोळ्याला टेकडीवर नेऊन बसवणे म्हणजे त्याचे हात तोडणे, हे अमात्यालाही कळत होते. पण मुले दगावण्यापेक्षा ते बरे, असे त्याला वाटे.

उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागली. एका सार्थवाहाने, म्हणजे तांड्याच्या व्यापाऱ्याने, दगडी घाट बांधायचे ठरवले, म्हणजे घाण पाण्यात उतरायला चांगल्या पायऱ्या. दुसऱ्याला काठाने केवडा लावायचा होता, म्हणजे वास यायचा नाही. दोघांनाही धन मिळाले. नवा उपाय म्हटले की असेही काही पदरात पडायचेच.

सेतकाला या गडबडीत लक्ष घालायला वेळ नव्हता. राजाची नवी सभा, म्हणजे दरबाराची इमारत, बांधून तयार होत होती आणि तिला लागणारा सगळा चुना पुरवण्याचे काम त्याला मिळाले होते. आयुष्यात एकदाच मिळावे असे ते काम होते. भट्ट्यांपाशी शिंपल्यांचा डोंगर उभा राहिला, तरी थोडे कमी पडत होते. खाडीत आता एकच कोपरा उपसायचा राहिला होता, जुन्या धक्क्याजवळचा. तिथे कामकऱ्यांनी फावडी लावली तेव्हा रेवा नावाची म्हातारी कोळीण पाण्यात आडवी येऊन उभी राहिली आणि काही केल्या हलेना. तंटा मिटवायला सेतक तिच्या दारी गेला.

तिच्या अंगणात दोन मडकी होती. दोन्ही तिने सकाळी खाडीच्या त्याच पाण्याने भरली होती. एकात बाजारात न्यायची कालवे, शिंपल्यातले जिवंत जीव, टाकली होती, दुसरे नुसतेच होते. सेतकाने सहज डोकावून पाहिले. नुसत्या मडक्यात गढूळ पाणी होते. कालवांच्या मडक्याचा तळ स्वच्छ दिसत होता.

रेवा म्हणाली, “ही कालवं आधी सगळ्या खाडीत होती, सेतका. रात्रंदिवस पाणी गाळत बसलेली. शिंपल्याला धरूनच ती वाढतात. तुम्ही तीन पिढ्या शिंपले उपसलेत. आता त्यांनी बसायचं कुठं?”

सेतक तिथेच अंगणात खाली बसला आणि त्या दोन मडक्यांकडे पाहत राहिला. आज्याचा चेहरा त्याला आठवला, बापाचा आठवला. दोघेही भले होते, कष्टाळू होते. घरी परतताना वाटेतली एकही पांढरी भिंत त्याला बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो राजसभेत गेला आणि त्याने सारे सांगितले. सभेसाठी जमवलेला शिंपल्यांचा डोंगर आपण खाडीला परत द्यायला तयार आहोत, त्याचे मोल नको, फक्त होड्या आणि मजुरी राज्याने द्यावी, असे तो म्हणाला. अमात्याने विचारले, की याने पाणी नक्की सुधारेल का.

“नक्की सुधारेल असं मी म्हणत नाही,” सेतक म्हणाला. “असं आजवर कोणी केलेलं नाही. पण बिघडलं कशानं ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच घराण्याच्या हातून बिघडलं.”

राजाने होड्या दिल्या. नव्या सभेच्या भिंती चुन्यावाचून तशाच, तांबड्या जांभ्या दगडाच्या राहिल्या.

ते वर्ष सेतकाने खाडीवरच काढले. दोनशे होड्या शिंपले त्याने मधल्या धारेत ओतवले. भट्ट्या थंड पडल्या, तरी कामकऱ्यांना त्याने होड्यांवर घेतले. मग पावसाळा गेला, थंडी आली, आणि पौषातल्या एका ओहोटीला बांबू घेऊन तो तळ चाचपायला उतरला. बांबू चिखलात गेला तो जातच राहिला. शिंपला कुठे लागेना. त्याने दहा ठिकाणी पाहिले, वीस ठिकाणी पाहिले. सगळे शिंपले मऊ चिखलाने गिळले होते. माघी पौर्णिमेला एक महिना उरला होता.

भट्टीचा कारभारी पिंगल हा हुशार माणूस होता आणि धन्यावर त्याचा जीव होता. तो म्हणाला, “धनी, उत्तरेच्या खाडीत जिवंत कालवं ढिगानं आहेत. चार होड्या आणू. चिखलाखाली फळ्या ठोकू, वर कालवं मांडू. ओहोटी टिकणार किती वेळ? आणि राजा काही चिखलात उतरून बघणार नाही.”

सेतकाने नकार दिला, तेव्हा पिंगलाचे डोळे भरून आले. त्याची सख्खी बहीण कोळीवाड्यात दिलेली होती. “साठ घरं उठतील,” तो म्हणाला. “एका दिवसाचं खोटं आहे, धनी. पुढच्या वर्षी आपण ते खरं करून दाखवू. तुमच्या खरेपणापायी माझ्या बहिणीनं टेकडीवर जाऊन दगड खायचे का?”

हे बोलणे सेतकाच्या जिव्हारी लागले, कारण ते स्वार्थाचे नव्हते. तीन दिवस त्याला अन्न गोड लागले नाही. कधी वाटे, पिंगलाचेच खरे. साठ घरांपुढे आपल्या एका शब्दाची मातब्बरी ती काय? चौथ्या दिवशी दुपारी तो कोळीवाड्यातून जात असताना झऱ्याचे पाणी घेऊन येणारी एक बाई वाटेत थांबली. तिच्या डोक्यावर दोन घागरी होत्या आणि पाठीला तान्हे बांधलेले होते. तिने विचारले, “सेतकदादा, पौर्णिमेला राजानं पाणी चांगलं झालं म्हटलं की आम्ही विहिरीचं प्यायला लागायचं ना? या चढानं गुडघे गेले बघा माझे.”

सेतक तिच्या पाठीवरच्या मुलाकडे पाहत राहिला. “नाही,” तो म्हणाला. “अजून नाही, मी सांगेपर्यंत नाही.” आणि पिंगलाचे ऐकायचे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता तिथेच मिटला.

माघी पौर्णिमेला मोठी ओहोटी लागली. अवघे नगर काठावर लोटले. सार्थवाहाने आपला घाट तोरणांनी सजवला होता. केवडेवाल्याने वाटेवर केवड्याची पाने अंथरली होती, मुळे धरलेले झाड मात्र एकही नव्हते. दोघांनीही काम उत्तम झाल्याचे सांगितले आणि लोकांनी माना डोलावल्या. मग सेतकाची पाळी आली. त्याच्यासमोर उघडा, काळा, सपाट चिखल होता.

“महाराज, काम फसलं,” तो म्हणाला. “शिंपले चिखलात बुडाले. जन्मभर मी ते तिथून काढले, पण ते तरले होते कशावर याचा विचार केला नाही. खालच्या थरांनी वरचे थर उचलून धरले होते. ते खालचे थर माझ्या आज्यानं आणि बापानं नेले. पाणी होतं तसंच आहे. विहिरीचं कोणी पिऊ नये.”

पिंगलाने मान खाली घातली. अमात्याने आपल्या अटीची आठवण करून दिली, त्याच्याही आवाजात आनंद नव्हता. राजाने विचारले, की मग राज्याने जे धन दिले त्याचे काय मिळाले.

“एक चूक कळली, महाराज. ती आता दुसऱ्या कोणाला करावी लागणार नाही. याहून जास्त मी दाखवू शकत नाही.”

तेवढ्यात गर्दीतून रेवा पुढे आली. ती म्हणाली, “राजाचं काम चाललंय, त्यात आपण कशाला तोंड घालायचं, म्हणून वर्षभर गप्प होते मी. पण हा फसलं म्हणतो, तर सांगते. माझ्या होडीच्या खुंटाला एक फाटकं जाळं अडकलंय, काथ्याचं. त्यात जुने शिंपले गुंतलेत. ते चिखलाच्या वर लोंबतंय, आणि त्याला कालवं धरलीत.”

राजाने खुंट कुठे आहे ते विचारले. मग त्याने पायांतल्या पादुका काढल्या, धोतर वर खोचले आणि तो गुडघाभर चिखलात उतरला. राजा काही चिखलात उतरणार नाही, हे आपलेच बोलणे पिंगलाला आठवले. राजा खुंटापाशी गेला, त्याने वाकून जाळे हातात घेतले. त्यावर नखाएवढी कालवे होती, मोजून अकरा. एकदा बोलायला वाट मिळाल्यावर लोक थांबेनात. चिखल कुठे उथळ आहे, प्रवाह कुठे जोराचा आहे, कुठला दोर कुजत नाही, ज्याला जे माहीत होते ते तो सांगू लागला. भरतीचे पाणी पोटऱ्यांना लागेपर्यंत राजा तिथेच उभा राहून ऐकत होता.

वर आल्यावर तो अमात्याला म्हणाला, “आज इथे बाकी सगळ्यांनी काम झालं म्हणून सांगितलं. फसलं असं एकानंच सांगितलं. उद्या त्यानं झालं म्हटलं, तर ते मला मानता येईल. त्याला आणखी दोन वर्षं द्या.”

अमात्याने ते आनंदाने मान्य केले. कोळीवाड्याने काथ्याची जाळी विणली, त्यांत शिंपले भरून ती खुंटांवर बांधली. रंगाऱ्यांना आणि कातडेवाल्यांना पाणी निवळायला त्याच धनातून कुंडे बांधून दिली. तिसऱ्या माघात ओहोटीला कालवांच्या रांगा उघड्या पडल्या आणि त्यांच्यामधले पाणी इतके नितळ होते, की तळाचे खेकडे चालताना दिसत. लोकांनी जयजयकार केला. सेतक मात्र म्हणाला, की खाडी सुधारते आहे, विहिरी अजून नाहीत. पुढच्या माघातही तो तेच म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याही. बायका कुरकुरत झऱ्याची वाट चढत राहिल्या.

सातव्या माघात त्याने रेवाच्या दारच्या विहिरीचे पाणी काढले, चाखले, आणि आता प्यायला हरकत नाही असे सांगितले. नक्की का, असे कोणी पुन्हा विचारले नाही. ती पूर्वीची बाई पुढे झाली आणि पहिला पोहरा तिने आपल्या मुलाच्या ओंजळीत ओतला. सेतक तिथून थोडा दूर गेला आणि पाठ वळवून रडला. राजाची सभा तांबडीच राहिली. परदेशी नावाडी विचारीत, की एवढ्या पांढऱ्या नगरात राजाचीच सभा अशी का, तेव्हा लोक त्यांना खाडीकडे घेऊन जात.

शास्त्याने, म्हणजे भगवंताने, ही कथा जेतवनात सांगितली. तिथल्या पुष्करिणीचा, म्हणजे कमळांच्या तळ्याचा, बांध उपासकांच्या दानातून नव्या रीतीने बांधला होता. तो आतून तडकला, तेव्हा बांधून घेणाऱ्या भिक्खूने भेगेवर चुना फासला होता आणि दात्यांना सारे ठीक असल्याचे सांगितले होते. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, “भिक्खूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. अमात्य म्हणजे सारिपुत्त आणि वृद्ध रेवा म्हणजे भिक्खुणी उप्पलवण्णा. कारभारी पिंगल हा तुमच्यात बसलेला हा भिक्खू. त्या वेळीही त्याचे मन वाईट नव्हते, आजही नाही. आणि चुनेवाला सेतक मीच होतो.”

तो भिक्खू उठला. पुष्करिणीकडे जाऊन त्याने भेगेवरचा चुना हाताने खरवडून काढला आणि ती भेग दाखवण्यासाठी तो उपासकांना बोलवायला गेला. अशी ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य पूर्णपणे पाळण्याची, कथा आहे.