आमरसाची पळी

मिरजेच्या बापूशेठ कोटणीसांची थाळीची खानावळ जोरात चालायची. एकदा शेठ मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले आणि आल्या आल्या वाढप्यांना गोळा करून म्हणाले, "तिकडे वेटर टिपांवर बंगले बांधतात. उद्यापासून पगार बंद. गिऱ्हाईक खूश करा आणि त्याच्याकडूनच घ्या!"

वाढपी हवालदिल झाले. त्यांच्यातल्या तुळसाबाई मात्र म्हणाल्या, "बरं शेठ."

शेठचा जुना नियम होता की भाताचा भरपूर आग्रह करायचा आणि आमरस एकदाच विचारायचा, तोही पुढे सरकता सरकता. दुसऱ्या दिवशी तुळसाबाई रसाचं पातेलंच घेऊन फिरू लागल्या. "घ्या हो भाऊ, लाजताय काय?" गिऱ्हाइकं तृप्त होऊन ताटाशेजारी नोटा ठेवू लागली आणि आंब्याच्या पेट्या भराभर रिकाम्या झाल्या.

शेठ गल्ल्यावरून धावत आले. "अगं बाई, मीठ कुणाचं खातेस तू?"

"कालपर्यंत तुमचं खात होते, म्हणून तुमचा रस राखला. आजपासून यांचं खाते, म्हणून यांची वाटी भरते."

सगळी खानावळ हसली. एका आजोबांनी लगेच वाटी पुढे केली.

"थांब! पगार चालू!" शेठ कळवळले.

"कालचाच?" भरलेली पळी वाटीकडे झुकली.

"वाढवून देतो!"

तुळसाबाईंनी पळी आजोबांच्या वाटीत रिकामी केली. "घ्या आजोबा. ही शेठकडून."