निशाणथडीचा बुधवार

गुरुद्वाऱ्याच्या अंगणात लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलेलं हे निशाणसाहिब, आमच्या झेंड्याचा खांब, बघताय ना? चाळीस हात लांब सागाचं खोड आहे. जुनं वस्त्र उतरवून नवा केशरी चोला सकाळीच चढवला, दोऱ्या बांधल्या, आणि तरी सगळं गाव हात बांधून उभं आहे. उशीर कशाचा, हे तुम्ही मघापासून विचारताय. सांगतो. त्याआधी ही मोठी दोरी बघा. तिच्या पहिल्या हातभर भागाला निळं कापड गुंडाळलंय. ती टहलसिंघाची जागा.

आमच्या निशाणथडीत दहाव्या गुरूंचा गुरपुरब, म्हणजे जन्माचा सण, दोनदा होतो. पूर्वी एकदाच व्हायचा, पौष शुद्ध सप्तमीला. मग असं सांगतात की उत्तरेकडून एक विद्वान ग्रंथी, ग्रंथसाहिबांचा पाठ करणारा, यात्रेला आला. तो म्हणाला, "तुमची तिथी चंद्रावर चालते, म्हणून दरसाल मागंपुढं होते. सूर्याचं वर्ष धरलं तर त्यात तुमचा गुरपुरब कधी दोनदा येतो, कधी येतच नाही. त्यापेक्षा सूर्य रास बदलतो ती संक्रांत धरा. पोह या सूर्याच्या महिन्याच्या संक्रांतीपासून तेविसावा दिवस. तो जागचा हलणार नाही." आठ दिवस लंगर जेवून ग्रंथी पुढच्या मुक्कामाला गेला. भांडण मात्र इथंच राहिलं.

गावात चंद्रवाले आणि संक्रांतवाले असे दोन तट पडले. माई रतनकौरच्या घरात तर उभी फूट पडली. तिचा थोरला मोहरसिंघ चंद्रवाल्यांचा पुढारी. तो म्हणायचा, "माझा बाप ज्या दिवशी इथं माथा टेकत होता, तो दिवसच चुकीचा म्हणू व्हय?" धाकटा टहलसिंघ संक्रांतवाल्यांचा. त्याचं म्हणणं, "गुरू जन्मले एका दिवशी, आन् तो दिवस दरसाल दुसराच?" दोघंही खोटं बोलत नव्हते, हीच तर अडचण होती. भावाभावांचं बोलणं तुटलं. माई एका घरात दोन चुली पेटवू लागली.

एका वर्षी गोष्ट हातघाईवर आली. सप्तमी बुधवारी होती. संक्रांतीचा तेविसावा दिवस त्यानंतर सोळा दिवसांनी, शुक्रवारी. संक्रांतवाल्यांनी ग्रंथसाहिबांपुढे अरदास, म्हणजे प्रार्थना, करून शपथ घेतली की चंद्रवाल्यांच्या गुरपुरबाला या अंगणात पाय ठेवायचा नाही. चंद्रवाल्यांनीही तशीच उलटी शपथ घेतली. सगळं झालं, पण एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. हे खोड उभं करायला चाळीस माणसं लागतात. चंद्रवाले होते एकोणीस.

बुधवारी त्यांनी चोला बदलायला निशाणसाहिब उतरवलं. उतरवणं सोपं असतं, खोडाचं वजनच ते काम करतं. चोला चढवला आणि ओढायला सुरुवात केली. सोळा जण दोऱ्यांवर आणि तिघं खोडाखाली, बांबूच्या कैच्यांनी टेकू देत. त्या तिघांत मोहरसिंघ मधोमध होता. खोड निम्म्याच्या वर आलं आणि थांबलं. पुढं जाईना आणि मागंही घेता येईना. दोरी हातातून बोटबोट सरकू लागली, तळहात सोलले. खालच्या तिघांना बाहेर पडायची सोय नव्हती. कैची काढली की खोड खाली, आणि निशाणसाहिब जमिनीला लागणं म्हणजे सगळ्या गावाची मान खाली जाणं. बायका 'वाहेगुरू, वाहेगुरू' म्हणत भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

संक्रांतवाले समोरच्या चिंचेखाली बसले होते. त्यांना सगळं दिसत होतं. टहलसिंघ तीनदा उठला आणि तीनदा बसला, असं सांगतात. शपथ ग्रंथसाहिबांपुढची होती, ती मोडून तोंड कुठं दाखवणार? आणि कैचीखाली तर सख्खा भाऊ.

तेवढ्यात माई रतनकौर चिंचेपाशी आली. रडली नाही, हातही जोडले नाहीत.

"टहल्या, शपथ काय घेतलीस रे?"

"त्यांच्या गुरपुरबाला आत जायाचं नाही."

"तुज्या हिशोबानं आज गुरपुरब हाय का?"

"नाही. आमचा शुक्रवारी, सोळा दिवसांनी."

"मंग आज तुजा काय हाय?"

माईच म्हणाली, "आज तुजा साधा बुधवार हाय. बुधवारी दोरी धरू नको, आसं कुटं म्हणलास तू? ऊठ!"

ते एकवीस जण असे धावले की म्हणे चिंचेखाली एक जोडा सरळ राहिला नाही. वीस जणांनी दोऱ्या धरल्या. टहलसिंघाने मोठ्या दोरीचं पहिलं टोक घेतलं, तोच मोहरसिंघाची कैची फाटली. टहलसिंघ दोरी तशीच छातीला गुंडाळून खोडाखाली शिरला आणि भावाशेजारी उजवा खांदा लावला. खांद्याचं हाड मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं. पण निशाणसाहिब उभं राहिलं. तो मोहरसिंघ माझा पणजोबा. त्या दिवशी बुधवार नसता, तर मी तुमच्यापुढं बसलो नसतो.

सोळा दिवसांनी संक्रांतवाल्यांचा गुरपुरब आला. ते आता वीसच उरले होते. टहलसिंघ हात गळ्यात बांधून ओट्यावर बसला होता. मोहरसिंघ एकोणीस माणसं मोजून घेऊन आला, स्वतःला धरून. उरलेली एका माणसाची उणीव माईने दोन बायका उभ्या करून भरली. मोहरसिंघ दोरीच्या पहिल्या जागेवर गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "आमचा गुरपुरब झाला. आज आमचा बुधवार हाय." वार शुक्रवार होता. टहलसिंघ एवढा सोसणारा माणूस, पण तेव्हा रडला म्हणतात.

वाद मिटला का? छे! कालच पारावर माझ्या जावयाने माझ्याशी तासभर हुज्जत घातली, तो संक्रांतवाला आहे. पण ज्यांचा सण असतो ते माथा टेकतात, आणि ज्यांचा नसतो ते लंगर रांधतात, जोडे सांभाळतात. निळ्या जागेवर पहिला हात त्यांचाच. काम करणारा 'आज आमचा बुधवार' म्हणतो, मग वार कुठलाही असो.

आता उशिराचं कारण. एकोणीस-वीस वर्षांनी एखादं साल असं येतं की चंद्राची सप्तमी आणि संक्रांतीचा तेविसावा दिवस एकाच दिवशी पडतात. आज तसा दिवस आहे. सगळ्या गावाचा सण, बुधवार कुणाचाच नाही. मागच्या खेपेला घोंगड्या विकणारे धनगर वाटेनं चालले होते, त्यांनी पहिला हात लावला. कुणी परका वाटसरू येईल म्हणून आम्ही तेव्हाही अशीच दुपारपर्यंत वाट बघितली होती. आजही पहिला हात लागल्याशिवाय इथं कुणी दोरी धरत नाही.

तुमचा सण आहे का आज? नाही ना? मग जोडे तिथं काढा, डोक्याला हा रुमाल बांधा. निळी जागा तुमची.