शाळेचा मासा

एका जंगलाच्या कडेने एक नदी वळण घेत जात असे, आणि त्या वळणावरच्या खोल डोहात पाणमांजरांचा एक कळप मोठ्या मजेत नांदत असे. मुलांनो, तुम्ही पाणमांजर पाहिले नसेल, तर एवढे लक्षात ठेवा : अंग मुंगसासारखे लांब, शेपूट वल्ह्यासारखी चपटी, आणि स्वभाव असा की पाण्यात उडी मारायला कारण लागत नाही. आता एक गंमत ऐका. पाणमांजराच्या पिल्लाला जन्मतः पोहता येत नाही! आई मानगुटीला धरून पाण्यात ढकलते, तेव्हा ते असे किंचाळते की काठावरची माकडेसुद्धा कानांवर हात ठेवतात. पोहणे शिकावे लागते. मासा पकडणे तर त्याहून जास्त शिकावे लागते.

म्हणून त्या कळपात एक रीत होती. काठाजवळच्या उथळ पाण्यात दगडांचे गोल कडे रचले होते, तीच शाळा. संध्याकाळी शिकारीहून परतताना प्रत्येकाने एक जिवंत मासा दात न रोवता, ओठांत अलगद धरून आणायचा आणि त्या कड्यात सोडायचा. घरात पिल्लू असो वा नसो, मासा सोडायचाच. त्याला सगळे ‘शाळेचा मासा’ म्हणत.

शाळेवर एक तरुण मास्तरीण होती. तिला शांत बसणे ठाऊकच नव्हते. एक वाक्य ती काठावर सुरू करी आणि संपेपर्यंत पाण्याखाली गेलेली असे. शाळा सुरू झाली की नुसता धिंगाणा! पाणी उडे, मासे सळसळत, पिल्ले एकमेकांवर आपटत.

“बाई, गेला! माझ्या पायांमधून गेला!”

“गेला ना? कुठल्या बाजूला वळला ते पाहिलंस का?”

“डावीकडे! शेपटी मारली आणि डावीकडे!”

“शाब्बास! झाला तुझा आजचा अभ्यास. चल, पुन्हा!”

मास्तरणीला घाई होती, आणि तिला कारणही तसेच होते. उन्हाळ्यात डोह आटला की कळप खाली मोठ्या नदीवर जाई. तिथे एकेकट्याची शिकार चालत नसे. सगळ्यांनी मिळून नदीत आडवी, विळ्यासारखी वाकडी फळी धरायची आणि माशांचा अख्खा थवा काठाकडे रेटत न्यायचा. फळीत एक जागा जरी ढिली पडली, तरी थवा नेमका तिथूनच फुटून पळे. कळपातले बरेच जण आता म्हातारे झाले होते. येत्या उन्हाळ्यात त्यांच्या जागी हीच पिल्ले उभी राहायची होती.

त्या वर्षी मात्र पाऊस कमी झाला. डोहातले मासे रोडावले, आणि सपाट कातळावर कळपाची सभा भरली.

शेजारी म्हणून बगळाही आला होता. तो अतिशय काटकसरी होता. दोन पाय असून तो एकच वापरी.

“मंडळी, मी काही बोलणार नव्हतो,” असे म्हणून बगळा बराच वेळ बोलला. “पण मी दिवसभर शाळेसमोर उभा असतो. माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही दहा मासे आत सोडता, आणि त्यातले सात दगडांच्या फटींतून निसटतात. सात! दुष्काळाच्या दिवसांत हे शोभतं का?”

“उधळपट्टी आहे, उधळपट्टी!” काका गरजला. हा काका कळपातला सर्वांत जाडजूड आणि सर्वांत खादाड बोका होता. “आणि मी तर सडाफटिंग. ना पिल्लू, ना पिल्लाची आई. दात न लावता मासा आणताना माझा जबडा अवघडतो. कशासाठी? तर दुसऱ्यांच्या पोरांनी तो सोडून द्यावा म्हणून!”

“काका, तुम्ही काय आईच्या पोटातून शिकार शिकून आलात?” एका पिल्लाच्या आईने विचारले.

“काका आईच्या पोटातही जेवतच होता,” मागून कोणीतरी म्हणाले. सभा खो खो हसली.

मास्तरीण बोलायला उठली नाही, उसळलीच. “अहो, निसटतात म्हणून तर शिकतात! मासा कसा वळतो, कुठे दडतो, कधी हूल देतो, हे सांगून कळत नाही. सात निसटतात तेव्हा आठवा हाती लागतो. उन्हाळ्यात हीच पोरं तुमच्या शेजारी फळीत उभी राहणार आहेत. तेव्हा मासे यांच्याकडे बघून थांबणार आहेत का?”

“पोरी, तावातावाने बोललं म्हणून डोहातले मासे वाढत नाहीत,” बगळा गोड आवाजात म्हणाला. “शाळा बंद करा, असं कोण म्हणतंय? छे, छे! शाळा तर हवीच. मी एवढंच म्हणतो की मेलेला मासा द्या. तो निसटणार नाही. एकच मासा सगळ्यांना आळीपाळीने पकडता येईल, आणि संध्याकाळी वाटून खाताही येईल.”

सभा चकित झाली. इतकी सोपी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नव्हती!

आता सगळ्यांनी कळपाच्या आजोबांकडे पाहिले. आजोबांना भांडण सोसत नसे. त्यामुळे ते प्रत्येकाचेच खरे मानत आणि जो शेवटी बोलला त्याचे ऐकत.

“दोघांचंही खरं आहे,” आजोबा म्हणाले. “तेव्हा बगळोबा म्हणतात तसं करू.”

“आजोबा, आणि फळीचं काय?”

“उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू, पोरी.”

झाले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत एक मेलेला मासा आला. आणि काय सांगावे, मुलांनो, शाळेची अशी भरभराट झाली म्हणता! पहिल्या पिल्लाने झेप घेतली आणि मासा पकडला. दुसऱ्याने पकडला. तिसऱ्याने डोळे मिटून पकडला. एकाने तर हवेत कोलांटी मारून, पाठीवर पडून, पायांनी पकडला. पौर्णिमेला कातळावर परीक्षा झाली. सगळी पिल्ले शंभरापैकी शंभर गुणांनी उत्तीर्ण! बगळ्याने मान उंच करून जाहीर केले, “यंदा एकही मासा निसटलेला नाही.” आयांच्या डोळ्यांत पाणी आले. काकाने पोटावरून हात फिरवला.

“काय मास्तरीणबाई! स्वस्तात पोरं हुशार झाली की नाही?”

मास्तरणीच्या मिशा रागाने थरथरल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने स्वतः डोहात बुडी मारली. खूप झटून एक जिवंत मासा धरला, आपल्या न्याहारीवर पाणी सोडले आणि तो शाळेच्या कड्यात सोडला.

जिवंत माशाची सवय मोडलेली पिल्ले ऐटीत पुढे आली. माशाने सपकन वळून शेपटीचा एक तडाखा दिला, तो नेमका कोलांटीवाल्या पिल्लाच्या नाकावर! ते भोकाड पसरून घराकडे पळाले. थोड्याच वेळात त्याची आई तणतणत आली. सभेत काकाला टोमणा मारणारी ती हीच.

“अहो बाई, माझ्या पोराला माशानं मारलं!”

“मासा मारणारच हो, ताई. त्यालाही जगायचं असतं.”

“मग असले मासे शाळेत आणताच कशाला? इतक्या दिवसांत एकही मासा असा वागला नव्हता!”

“कारण इतक्या दिवसांतले सगळे मेलेले होते!”

“ते मला माहीत नाही. माझं पोर शंभरापैकी शंभराचं आहे. त्याच्या मनात भीती घालू नका.”

भांडण आजोबांपर्यंत गेले. आजोबा म्हणाले, “दोघींचंही खरं आहे.” शेवटी आई बोलली होती. म्हणून मास्तरणीला जिवंत मासा आणायची बंदी झाली.

दिवस गेले. ऊन कडक झाले, डोहाचे डबके झाले, आणि कळप उड्या मारत मोठ्या नदीवर पोचला. केवढे पाणी! केवढा जोर! आणि त्यात, वरून उतरणाऱ्या माशांचा थवा! पाण्याखाली चांदी उकळत असावी तसा तो लखलखत होता. उपाशीपोटी आलेल्या कळपात एकच आनंद उसळला.

“धरा फळी!” आजोबांनी हाक दिली.

फळी लागली. या काठाला काका, त्या काठाला आजोबा, आणि मधोमध नवी पिल्ले. मास्तरीण त्यांच्या शेजारी उभी राहिली. होईल, तिने स्वतःला सांगितले, कदाचित होईल. पोरे हुशार आहेत, चपळ आहेत. कोलांटीवाले पिल्लू तर सर्वांत पुढे छाती काढून उभे होते.

थवा आला. काकाने पाणी हाणले, आजोबांनी हाणले, थवा वळला आणि सरळ फळीच्या मध्यावर धावून आला. हजार डोळे, हजार शेपट्या!

“थांबा! जागा सोडू नका!” मास्तरीण ओरडली. “खाली वाका! डावीकडे बघा!”

“बाई!” कोलांटीवाल्या पिल्लाने जिवाच्या आकांताने किंकाळी फोडली. “बाई, हे तर जिवंत आहेत!”

आणि ते पळाले. त्याच्यामागे दुसरे पळाले, तिसरे पळाले. फळीला भले मोठे खिंडार पडले. मास्तरीण एकटीच त्या खिंडारात अशी झेपावत राहिली, तशी झेपावत राहिली. तिच्या पोटाखालून, कानांजवळून, शेपटीला चाटून थवा धो धो निघून गेला. आजोबांच्या बाजूचाही गेला. काकाच्या जबड्यापर्यंत आलेला, चांगला हातभर लांबीचा मासासुद्धा मागे वळला आणि त्याच वाटेने गेला.

नदी पुन्हा नुसती नदी झाली.

“माझा मासा!” काका पाण्यात थयथयाट करू लागला. “माझ्या तोंडचा घास! कोणाची पोरं ती? कोणी शिकवलंय त्यांना?”

ज्यांना पिल्ले होती ते उपाशी होते, ज्यांना नव्हती तेही तितकेच उपाशी होते. काठावर बगळा येऊन उभा राहिला होता. सवयीप्रमाणे त्याने पाण्यात पाहिले, मोजायला काही सापडले नाही, आणि त्याने चोच मिटली.

मास्तरीण निथळत काठावर आली. महिनोन् महिने तिने मनात एक भाषण घोटून ठेवले होते. चांगले तिखटजाळ होते ते! एकेकाचे नाव घेऊन ती आता सुनावणार होती. तेवढ्यात कोलांटीवाले पिल्लू तिच्यापाशी आले. ते अजून कापत होते.

“बाई, आम्ही नापास झालो का हो?”

ते भाषण तिने बाजूला ठेवले. तिने पिल्लाचे ओले डोके चाटले आणि साऱ्या कळपाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“तुम्ही नाही, बाळा.”

आजोबांनी मान खाली घातली. पिल्लाची आई वाळू उकरत राहिली. पण मास्तरणीला थांबणे ठाऊक होते कुठे! ती टुणकन उठली. “वरून अजून थवे उतरणार आहेत. वेळ आहे आपल्याला! चला, दगड गोळा करा, इथे या उथळात कडं रचा. मला जिवंत मासे हवेत. पुष्कळ हवेत. यांच्या हातून निसटायला हवेत!”

या खेपेला “दोघांचंही खरं आहे” असे आजोबा म्हणाले नाहीत. त्यांनी पहिला दगड उचलला. आया आल्या, म्हातारे आले, आणि बघता बघता कडे उभे राहिले. पण मासा? सगळे भुकेले होते. हाती लागलेला मासा न खाता कड्यात कोण सोडणार?

तेवढ्यात पाण्यातून एक जाडजूड डोके वर आले. तो काका होता. त्याच्या ओठांत एक मासा तडफडत होता. त्याचे पोट भुकेने गुरगुरत होते, जबडा अवघडला होता, डोळ्यांत पाणी होते. पण माशाच्या अंगावर दाताची एक खूण नव्हती. त्याने तो हळूच कड्यात सोडला.

कोलांटीवाल्या पिल्लाने एक पाऊल मागे घेतले. मग दोन पुढे. मग डोळे उघडे ठेवून झेप!

मासा डावीकडे वळला, दगडांच्या फटीत शिरला आणि गेला.

सगळ्यांनी काकाकडे पाहिले. काकाने त्या रिकाम्या फटीकडे पाहिले आणि मग पिल्लाकडे.

“डावीकडे वळला, काका!” पिल्लू आनंदाने ओरडले. “मी पाहिलं! डावीकडे वळला!”

“पाहिलंस ना?” काका म्हणाला. “थांब, दुसरा आणतो.”

आणि त्याने पाण्यात बुडी मारली.

तात्पर्य : शिकणाऱ्याच्या हातून जे निसटते ते वाया जात नाही, पण शाळेच्या वाट्यातून जे वाचवले जाते, त्याची किंमत पोरे असलेल्यांना आणि नसलेल्यांना, सगळ्यांनाच उपाशीपोटी मोजावी लागते.