चिंचोके आणि हरभरे

एक जाणता वृद्ध घाटाच्या पायथ्याशी वाहतुकीची विद्या शिकवत असे. गाड्या कुठे तुंबतील ते आधी जमिनीवर मांडून बघायचं, माणसं मारून शिकायचं नाही, असं त्याचं रोखठोक सांगणं.

नदीपलीकडच्या जत्रेसाठी ऐंशी बैलगाड्या घाटमाथ्यावर जुंपून उभ्या होत्या. खालून पांढरं फडकं हललं की सुटायच्या. उतारावर आवराव्यात म्हणून मागे ओंडके बांधले होते, तरी उताराला लागलेली गाडी काही माघारी फिरत नाही. मधल्या एका गाडीवर सगुणेचा सख्खा भाऊ होता आणि फडकं सगुणेच्या हातात, कारण ती वृद्धाची शिष्या आणि घाटाची मांडणी तिची.

तिने मातीच्या घाटावर चिंचोक्यांच्या गाड्या सोडून पाहिल्या होत्या. दिवसभरात ऐंशीच्या ऐंशी नदीकाठी उतरत होत्या. शेजारीच धाकू नावाड्याने वाळूत नदी रेखून हरभऱ्यांनी नावेच्या खेपा मोजल्या. दिवसाला त्याही ऐंशी. आकडा जुळला, दोघं निश्चिंत. दुसऱ्याच्या मांडणीकडे कोणी मान वळवून बघेल तर शपथ.

वरून हाकांवर हाका येऊ लागल्या. सगुणा फडकं उचलणार, तोच वृद्धाने धाकूचे हरभरे कोंबड्यांपुढे फेकले, तिचे चिंचोके ओंजळीत भरून वाळूतल्या काठावर ओतले.

सगुणा भडकली. आत्ता ही कसली थट्टा, म्हणाली.

वृद्ध धाकूला म्हणाला, "यातली एक गाडी पलीकडे ने."

"नेतो की. रिकामी गाडी एक खेप, बैल दुसरी, माल तिसरी."

सगुणेचा हात तिथेच थांबला. म्हणजे ऐंशी खेपांत दिवसाला जेमतेम सव्वीस गाड्या. काठावर जागा दहा गाड्यांची. अकरावा चिंचोका तिने स्वतःच उतारावर ठेवला. बाराव्याला जागाच नव्हती, तो अकराव्यावर आदळला.

"पोरी, तुझा घाट खरा, त्याची नदीही खरी," वृद्ध म्हणाला. "पण तुझी गाडी त्याच्या नदीत कधी उतरलीच नाही. दोघांनी एकच दाणा हलवला असता, तर हे सकाळीच दिसलं असतं."

सगुणा फडकं कंबरेला खोचून घाट चढली. काठ मोकळा होईल तशा पाच-पाचच गाड्या सोडल्या. शिव्या खाल्ल्या.

भावाची पाळी दुसऱ्या दिवशी आली. "माझी जत्रा बुडवलीस की गं, शहाणे," तो खाली येऊन म्हणाला.  तिने आदळलेला तो चिंचोका त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

आपापली मांडणी बरोबर आहे म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी शेजारच्याच्या मांडणीवर आपली गाडी एकदा चालवून बघावी.