चादरीमागचा माणूस

इचलकरंजीच्या विमल कोष्टीनं दोनशे रुपयांत घरात ऑफिस थाटलं. शिलाई मशीन उतरवून त्याच्या टेबलावर कंपनीचा लॅपटॉप ठेवला, बसायला लोखंडी पेटी ओढली आणि पाठीमागे दोरीवर पांढरी चादर टांगली. घर एकाच खोलीचं. चादरीपलीकडे नवरा दत्तोबा पडून होता. याच कंपनीच्या गोदामात कापडाचे गठ्ठे अंगावर कोसळले, तेव्हापासून तो कमरेखाली लुळा पडला होता. आणि विमलला काम मिळालं तेही तिथलंच, पत्ते टाइप करायचं.

पहिल्याच सकाळी कंपनीचे मॅनेजर देशिंगकर साहेब स्क्रीनवर आले.

"बाई, नियम वाचलेत ना? कामाच्या खोलीत दुसरा माणूस चालणार नाही. ती चादर काढा. मागे कोणी दिसलं, तर काम आजपासून बंद."

विमलनं मागे चादरीकडे पाहिलं. नवऱ्याला ठेवायचं कुठं, रस्त्यावर? ती उठली, पेटी उघडून एक कागद काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"साहेब, अपघाताचा दाखला मागायला मी आले होते, तेव्हा हे तुम्हीच लिहून दिलंत. 'दत्तोबा कोष्टी नावाचा माणूस कंपनीच्या लेखी नाही.' खाली सही तुमची. चादर आत्ता काढते. पण जो माणूस तुमच्या लेखी नाहीच, तो तुम्हाला दिसणार कसा?"

साहेब चष्मा पुसायला लागले. "राहू द्या चादर," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात दत्तोबाला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ तो खोकत राहिला.

कोण खोकतंय, असं साहेबांनी विचारलं नाही.