दहाचा आवाज

एका डोंगराच्या पायथ्याशी कळकाच्या बांबूचे दाट बेट होते आणि त्या बेटात एक रानकोंबडी आपली दहा पिल्ले घेऊन राहत असे. बाळांनो, दहा पिल्ले सांभाळणे म्हणजे काही चेष्टा नव्हे. एक किड्यामागे धावते, दुसरे चिखलात फतकल मारते, तिसरे भलत्याच कोंबडीच्या शेपटीमागे चालू लागते. म्हणून रानकोंबडीने आपल्या आईची रीत धरली होती. दिवस कलला की ती पिल्लांच्या जोड्या लावी आणि ओढ्यावरून घरी निघे. मान न वळवता विचारी, "बे एके?" पहिल्या जोडीतले एक पिल्लू आपला जोडीदार शेजारी आहे ना ते बघे आणि ओरडे, "बे!"

"बे दुणे?"

"चार!"

असे करत "बे पंचे?" आले की सर्वांत धाकटे पिल्लू गळा ताणून म्हणे, "दहा!" तो बारीक आवाज कानावर आला की आईचा जीव भांड्यात पडे. उत्तर आले नाही तर ती तिथल्या तिथे थांबे. पिल्लांना तिने एकच बजावले होते, "वाट चुकलात तर चिवचिवत हिंडू नका, रानमांजर ऐकतं. आहात तिथे गप्प बसा. आपला आकडा ऐकू आला की मगच ओ द्या."

त्याच रानात एक माकड होते. माणसांच्या वस्तू उचलायच्या आणि रानात खपवायच्या, हा त्याचा धंदा. मागे त्याने बगळ्याला चष्म्याची काच विकली होती. काचेतून मासा दुप्पट दिसतो म्हणून बगळा अजून खूश आहे. पोट तेवढेच भरते, हे त्याच्या ध्यानात यायचे आहे. तर या माकडाने रानाच्या फाटकावर माणसे मोजत बसणाऱ्या पहारेकऱ्याचे यंत्र पळवले. मुठीत मावेल एवढी डबी, वर एक खटका. दाबला की 'टक' वाजे आणि डबीवरचा आकडा एकाने पुढे सरके. बाजूची कळ फिरवली की पुन्हा शून्य.

"काय वहिनी, अजून घसा कोरडा करता?" माकडाने फांदीवरून विचारले.

"मग काय करू भाऊजी? लेकरं माझीच आहेत."

"हे घ्या. पिल्लू आत गेलं की टक. ना पाढा, ना आरडाओरडा."

"चुकत नाही ना?"

"अहो, चुकायला डोकं लागतं. हे यंत्र आहे!"

"घ्याल काय याचे?"

"शेतकडेच्या भुईमुगाच्या शेंगा उकरून द्या. रोज दहा."

"पाच देईन."

"वहिनी, लेकरामागे एक तरी शेंग धरा!"

लेकरांचे नाव निघाले की आई घासाघीस करत नाही, हे माकडाला पक्के ठाऊक होते. सौदा झाला.

यंत्र खरेच झकास चालले. रानकोंबडी बेटाच्या तोंडाशी उभी राही, पिल्ले ढकलाढकली करत आत शिरत, ती चोचीने टकटक करी. दहा आले की निवांत. जोड्या मोडल्या, पाढा थांबला. बेटाशेजारच्या झाडाच्या ढोलीतली खार एकदा म्हणाली, "वहिनी, हल्ली संध्याकाळी करमत नाही हो. तुमच्या धाकट्याचं 'दहा' ऐकलं की मी घरात शिरायची. आता कधी शिरावं तेच कळत नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच!" असे म्हणून रानकोंबडी हसली. पण ओढ्याच्या वळणावर तिची पावले आपोआप मंद होत. कान मागे लागत. कशाची तरी वाट पाहिल्यासारखे होई, आणि मग आठवे, आता वाट पाहायची नाही, खटका दाबायचा.

एका संध्याकाळी पिल्ले अशीच आत शिरत होती. एकाला दाराशी नाकतोडा दिसला. ते टुणकन बाहेर आले, नाकतोडा गट्ट केला आणि पुन्हा आत गेले. रानकोंबडीने दोन्ही वेळा खटका दाबला. यंत्राने दहा दाखवले. ती पंख पसरून बसली. पण डाव्या पंखाखाली गार लागत होते. धाकट्याची जागा तीच.

ती खारीला म्हणाली, "यंत्र दहा म्हणतंय हो. आणि मला इथे रिकामं वाटतंय."

"मग यंत्राला कशाला विचारता? पोरांना विचारा."

धाकट्याच्या जोडीदाराने मान खाली घातली. "तो ओढ्यापासूनच दिसला नाही आई."

"आणि तू बोलला नाहीस?"

"मला वाटलं, यंत्रानं बघितलं असेल."

रानकोंबडी ताडकन उठली. बाहेर अंधारून आले होते. तिने हाक घातली, "बे एके! बे दुणे चार! बे त्रिक..." आणि पुढचे सुचेना. पिल्ले एकमेकांकडे बघू लागली. पिल्लेही विसरली होती. ज्या पाढ्यावर लहानपणी ती स्वतः आईमागून चालली होती, तो ओठांवर येऊन अडला होता. तेवढ्यात पलीकडच्या गवतात काहीतरी सळसळले. रानमांजराची हीच वेळ.

ती चालू लागली. बसून आठवेना, म्हणून आईसारखी, मान न वळवता, ओढ्याच्या वाटेने. पिल्ले मुकाट्याने मागे जोड्या लावून निघाली. वळण आले, पावले मंद झाली, आणि तोंडातून आपसूक निघाले, "बे त्रिक सहा. बे चोक आठ." मग तिने सगळा जीव गोळा करून विचारले, "बे पंचे?"

रान गप्प होते. ती थांबली. आणि खालच्या करवंदीच्या जाळीतून, पार बारीक, गळा ताणलेला आवाज आला, "दहा!"

रानकोंबडी धावत जाळीत घुसली. पिल्लू काट्यांत अंग चोरून बसले होते. तिने पंखाखाली घेताच ते म्हणाले, "आई, मी आज हरवलो, पण माझा आकडा तू किती दिवसांत विचारलाच नाहीस गं."

रानकोंबडीने त्याला आणखी जवळ ओढले. तिकडे ढोलीत ते 'दहा' ऐकून खार घरात शिरली आणि तिने आपले दार लावून घेतले.

तात्पर्य : यंत्र हिशेब चोख दाखवते, पण हिशेबातले कोण हरवले ते त्याला कळत नाही, म्हणून जे आपल्याला जिवाचे, त्याची मोजदाद आपल्याच तोंडी असू द्यावी.